द्विघाती समीकरणावरून वक्र ओळखणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीची मुलं, सीईटी आणि जेईईची तयारी करणारे, आणि मुलांचा अभ्यास घेताना अडलेले काही पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. लंबवर्तुळ म्हणजे इलिप्स, अन्वस्त म्हणजे पॅराबोला, अपास्त म्हणजे हायपरबोला आणि या सगळ्यांचं सामाईक नाव शांकव, एवढं माहीत असलं की पुढचं वाचता येईल. पुस्तकातले एक्स आणि वाय इथे क्ष आणि य आहेत.

१. दहावीतलं वर्गसमीकरण आणि हे द्विघाती समीकरण एकच का?

नाही. दहावीत क्ष² − ५क्ष + ६ = ० सोडवलं की २ आणि ३ अशा दोन संख्या मिळतात, कारण तिथे चल एकच असतं. इथे चलं दोन आहेत. त्यामुळे उत्तर म्हणून संख्या मिळत नाही. समीकरणात बसणारे सगळे बिंदू मिळतात, आणि ते बिंदू मिळून जी आकृती होते ती आपल्याला ओळखायची असते.

आता तेच क्ष² − ५क्ष + ६ = ० आलेखाच्या कागदावर काढायला सांगितलं तर? य वर काहीच बंधन नाही. म्हणून क्ष = २ आणि क्ष = ३ या दोन उभ्या समांतर रेषा येतील. समीकरण द्विघाती, पण वक्र नाही! हा प्रकार प्र. ९ मध्ये पुन्हा भेटेल.

२. अ, ह, ब, ग, फ, क ही अक्षरं कुठून आली? आणि मधेमधे २ कशाला?

दोन चलांचं व्यापक द्विघाती समीकरण असं लिहितात :

अ·क्ष² + २ह·क्षय + ब·य² + २ग·क्ष + २फ·य + क = ०

पुस्तकातल्या ए, एच, बी, जी, एफ, सी यांचीच ही रूपं आहेत. अ, ह, ब हे तिन्ही एकदम शून्य नसावेत, नाहीतर समीकरण द्विघाती राहणार नाही. मधले २ केवळ सोयीसाठी आहेत. ते घातल्यामुळे पुढच्या सूत्रांत अपूर्णांक येत नाहीत.

सगळ्यात जास्त गुण इथेच जातात. ३क्ष² + ४क्षय − ५य² + ६क्ष − ७ = ० मध्ये ह = ४ नाही, ह = २ आहे. ग = ३, फ = ० आणि क = −७. समीकरणात क्षय चा सहगुणक दिसतो त्याच्या निम्मा ह. निम्मं करायचं राहिलं की पुढचं सगळं गणित बरोबर सोडवूनही उत्तर चुकतं.

काही पुस्तकांत २ न घालता सरळ सहगुणक घेतात आणि विवेचक (वक्राचा प्रकार ठरवणारी राशी) म्हणून ‘बी वर्ग वजा चार एसी’ वापरतात. तो आपल्या ह² − अब च्या (हा प्र. ७ मध्ये येतो) चौपट असतो. चिन्ह तेच, त्यामुळे निष्कर्षही तोच. फक्त एका पद्धतीतले सहगुणक घेऊन दुसरीचं सूत्र लावू नका.

३. क्षय पद नसेल तर नुसतं बघून वक्र ओळखता येतो का?

येतो. क्ष² आणि य² यांच्या सहगुणकांकडे बघायचं. दोघांपैकी एकच वर्गपद असेल तर अन्वस्त. दोन्ही समान असतील तर वर्तुळ. चिन्ह एकच पण किंमत वेगळी असेल तर लंबवर्तुळ. चिन्हं विरुद्ध असतील तर अपास्त.

हा मात्र पहिला अंदाज आहे. याच्यावर विसंबून पर्याय निवडणाऱ्यांसाठीच परीक्षेत सापळे लावलेले असतात. ते प्र. ९ मध्ये पाहा.

४. वर्तुळाच्या त्रिज्येचं सूत्र लावलं तरी उत्तर जुळत नाही. का?

बहुतेक वेळा समीकरण भागायचं राहिलेलं असतं. २क्ष² + २य² − ८क्ष + १२य + ८ = ० घ्या. त्रिज्या = √(ग² + फ² − क) हे सूत्र क्ष² आणि य² चे सहगुणक १ असतानाच चालतं. म्हणून आधी २ ने भागा :

क्ष² + य² − ४क्ष + ६य + ४ = ०

आता ग = −२, फ = ३, क = ४. केंद्र (−ग, −फ) म्हणजे (२, −३) आणि त्रिज्या √(४ + ९ − ४) = ३. न भागता केलं असतं तर ग = −४, फ = ६, क = ८ धरून त्रिज्या √४४ आली असती.

मुळाखाली शून्य आलं तर वर्तुळ आकसून एक बिंदू होतं. ऋण संख्या आली तर एकही बिंदू मिळत नाही. ‘समीकरण वर्तुळ दर्शवते’ असं विधान तपासताना सहगुणक समान आहेत एवढ्यावर थांबू नका, मुळाखालची किंमत धन आहे ना तेही बघा.

५. लंबवर्तुळ उभं की आडवं, यात माझा नेहमी घोळ होतो.

घोळ होतो कारण मोठ्या सहगुणकाकडे बघितलं जातं. बघायचा तो मोठा छेद. एक उदाहरण पूर्ण करू :

९क्ष² + ४य² − ३६क्ष + ८य + ४ = ०

क्ष ची पदं एकत्र, य ची एकत्र, आणि पूर्ण वर्ग :

९(क्ष − २)² − ३६ + ४(य + १)² − ४ + ४ = ०
९(क्ष − २)² + ४(य + १)² = ३६
(क्ष − २)²/४ + (य + १)²/९ = १

मोठा छेद य खाली आहे, म्हणजे लंबवर्तुळ उभं. केंद्र (२, −१), अर्ध-बृहदक्ष ३, अर्ध-लघुअक्ष २. नाभी (फोकस) केंद्रापासून √(९ − ४) = √५ अंतरावर, तेही उभ्या दिशेने : (२, −१ + √५) आणि (२, −१ − √५). सुरुवातीच्या समीकरणात क्ष² चा सहगुणक ९ आणि य² चा ४ होता, तो ३६ ने भागल्यावर उलटा झाला. घोळ होतो तो इथेच.

पूर्ण वर्ग करताना कंसाबाहेरच्या ९ ने आतल्या ४ ला गुणायला विसरू नका. वजा होतात ते ३६.

६. अन्वस्त कोणत्या बाजूला उघडतो हे कसं कळतं?

ज्या चलाचं वर्गपद नाही, त्या चलाच्या अक्षाच्या दिशेने. य² − ४य − ८क्ष + २८ = ० चं रूप (य − २)² = ८(क्ष − ३) असं होतं. डावी बाजू वर्ग आहे, ती ऋण होणार नाही, म्हणून क्ष कायम ३ किंवा त्याहून मोठा. झाला उजवीकडे उघडणारा अन्वस्त. शिरोबिंदू (३, २), ८ चा चौथा भाग २, म्हणून नाभी (५, २) आणि नियतरेषा (डायरेक्ट्रिक्स) क्ष = १. उजवीकडे, डावीकडे, वर, खाली अशी चार वेगळी सूत्रं पाठ करण्यापेक्षा ‘वर्ग ऋण नसतो’ एवढं वापरा.

७. क्षय पद आलं की ह² − अब बघायचं असं सांगतात. पण ते का चालतं?

आधी नियम. ह² − अब ऋण असेल तर लंबवर्तुळाचं कूळ, शून्य असेल तर अन्वस्ताचं, धन असेल तर अपास्ताचं. ‘कूळ’ हा शब्द मुद्दाम वापरतोय. कूळ कळलं म्हणजे व्यक्ती कळली असं नाही.

आता कारण. वक्राला दूर, अनंताकडे जाता येतं का आणि किती दिशांनी जाता येतं, हा खरा प्रश्न आहे. आरंभबिंदूपासून खूप लांब गेलं की क्ष आणि य प्रचंड होतात, त्यांच्यापुढे २ग·क्ष, २फ·य आणि क यांना किंमत उरत नाही. उरतात ती पहिली तीन पदं. त्यात य = म·क्ष ठेवा, म म्हणजे दिशेचा चढ, आणि क्ष² ने भागा :

ब·म² + २ह·म + अ = ०

हे म चं साधं वर्गसमीकरण. त्याचा विवेचक ४(ह² − अब). तो ऋण असेल तर अनंताकडे जायला एकही दिशा नाही, वक्र स्वतःतच बंद होतो, म्हणजे लंबवर्तुळ. शून्य असेल तर एकच दिशा, अन्वस्त. धन असेल तर दोन दिशा, अपास्त. अपास्ताच्या दोन अनंतस्पर्शी रेषांचे (दूर गेल्यावर वक्र ज्यांच्या जवळजवळ जातो त्या रेषांचे) चढ म्हणजे याच समीकरणाची दोन मुळं. (ब = ० असेल तर एक दिशा थेट उभी असते, गोंधळू नका.)

ग, फ, क हे या चाचणीत का येत नाहीत, याचंही उत्तर यातच आहे. आणि म्हणूनच ही चाचणी अपुरीही आहे. तिला फक्त लांबचं दिसतं.

८. क्ष² + य² + क्षय = ३ हे वर्तुळ का नाही? दोन्ही सहगुणक तर समान आहेत.

वर्तुळासाठी अ = ब एवढं पुरत नाही, ह = ० देखील लागतं. इथे ह = १/२. ह² − अब = १/४ − १, म्हणजे ऋण. लंबवर्तुळ.

पटत नसेल तर दोन बिंदू मोजून बघा. (१, १) समीकरणात बसतो : १ + १ + १ = ३. आरंभबिंदूपासून त्याचं अंतर √२. (√३, −√३) सुद्धा बसतो : ३ + ३ − ३ = ३. त्याचं अंतर √६. क्ष च्या जागी −क्ष आणि य च्या जागी −य ठेवलं तरी समीकरण बदलत नाही, म्हणजे केंद्र आरंभबिंदूच. मग एकाच केंद्रापासून √२ आणि √६ अशी वेगळी अंतरं वर्तुळात कशी येतील?

९. ह² − अब वरून अपास्त आला, पण उत्तरात ‘रेषांची जोडी’ लिहिलंय. उत्तर चुकलं आहे का?

उत्तर बहुधा बरोबर असतं. सर्वात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर. ही दोन समीकरणं शेजारी ठेवा :

क्ष² − य² − २क्ष + ४य − ३ = ०
क्ष² − य² − २क्ष + ४य − २ = ०

फरक फक्त शेवटच्या पदात. दोन्हींत ह² − अब = १. पूर्ण वर्ग केले की पहिल्याचं होतं (क्ष − १)² = (य − २)², म्हणजे क्ष − १ = ±(य − २). या दोन सरळ रेषा आहेत : य = क्ष + १ आणि य = −क्ष + ३, (१, २) मध्ये छेदणाऱ्या. दुसऱ्याचं होतं (य − २)² − (क्ष − १)² = १, म्हणजे वर-खाली उघडणारा खराखुरा अपास्त. त्याच्या अनंतस्पर्शी रेषा कोणत्या? पहिल्या समीकरणातल्या त्याच दोन.

वक्र शाबूत आहे की मोडला, हे तपासायला सहाही सहगुणक लागतात. ते काम हा निर्धारक करतो :

डेल्टा = अबक + २फगह − अफ² − बग² − कह²

पहिल्या समीकरणात अ = १, ह = ०, ब = −१, ग = −१, फ = २, क = −३. डेल्टा = ३ + ० − ४ + १ − ० = ०. दुसऱ्यात क = −२ असल्यामुळे २ − ४ + १ = −१. शून्य नाही, म्हणून अपास्त शाबूत.

डेल्टा शून्य असेल तर प्रत्येक कूळ आपापल्या तऱ्हेने मोडतं. अपास्ताच्या छेदणाऱ्या दोन रेषा होतात. लंबवर्तुळाचा एकच बिंदू उरतो. अन्वस्ताच्या समांतर रेषा होतात, किंवा एकावर एक बसलेल्या रेषा, किंवा काहीच नाही : क्ष² − ५क्ष + ६ = ०, क्ष² = ० आणि क्ष² + १ = ० ही त्याची तीन सोपी रूपं.

म्हणून माझा आग्रह असा की आधी डेल्टा, मग ह² − अब. क्लासमध्ये हा क्रम उलटा शिकवतात, कारण ह² − अब चटकन काढता येतं. पण पर्यायांत ‘अपास्त’ आणि ‘रेषांची जोडी’ दोन्ही दिसले की समजा, पेपर काढणाऱ्याने डेल्टासाठीच प्रश्न ठेवलाय. अर्थात क्षय पद नसेल तर डेल्टाच्या भानगडीत न पडता सरळ पूर्ण वर्ग करा. सगळं आपोआप समोर येतं.

१०. ‘समीकरण रेषांची जोडी दर्शवत असेल तर के ची किंमत काढा.’ डेल्टा शून्य घेऊन सोडवायलाच लागतं का?

चालतं, पण अवयव पाडणं बहुतेकदा सोपं. उदाहरणार्थ

२क्ष² + क्षय − य² + क्ष + ४य + के = ०

पहिल्या तीन पदांचे अवयव (२क्ष − य)(क्ष + य). म्हणून पूर्ण समीकरण (२क्ष − य + प)(क्ष + य + र) = ० असं असणार. क्ष चा सहगुणक जुळवला की प + २र = १, य चा जुळवला की प − र = ४. यावरून र = −१, प = ३ आणि के = पर = −३. डेल्टाने पडताळा : ६ + १ − ८ + १/४ + ३/४ = ०. जुळलं.

एक इशारा. डेल्टा = ० ही अट वास्तव रेषांची हमी देत नाही. क्ष² + य² = ० चा डेल्टा शून्यच आहे, पण तिथे नुसता आरंभबिंदू आहे. वास्तव रेषा हव्या असतील तर ह² − अब ऋण नसावा हेही बघा. समांतर रेषांच्या बाबतीत तेवढंही पुरत नाही, तिथे प्र. १३ सारखं वर्गसमीकरण सोडवून मुळं वास्तव आहेत का ते तपासावं लागतं.

११. अक्ष फिरवण्याचं गणित फार लांबतं. जवळचा रस्ता आहे का?

आहे. अक्ष कितीही फिरवले तरी अ + ब आणि अब − ह² या दोन किंमती बदलत नाहीत. फिरवल्यानंतर क्षय पद जातं, म्हणजे नवे दोन सहगुणक असे हवेत की त्यांची बेरीज अ + ब आणि गुणाकार अब − ह². हे झालं साधं वर्गसमीकरण :

ल² − (अ + ब)ल + (अब − ह²) = ०

५क्ष² + ४क्षय + ८य² = ३६ घ्या. अ = ५, ह = २, ब = ८. ल² − १३ल + ३६ = ०, म्हणून ल = ४ आणि ९. फिरवलेल्या अक्षांवर समीकरण ४क्ष′² + ९य′² = ३६, म्हणजे अर्ध-बृहदक्ष ३ आणि अर्ध-लघुअक्ष २.

बृहदक्ष कोणत्या दिशेला? लहान सहगुणक, इथे ४, त्याच्या दिशेला. ती रेषा (अ − ल)क्ष + ह·य = ० वरून मिळते : क्ष + २य = ०, चढ −१/२.

पुस्तकातलं सूत्र टॅन २थीटा = २ह/(अ − ब). त्यातून −४/३ मिळतं. पण ते चढ −१/२ ला जितकं लागू पडतं तितकंच चढ २ ला, कारण दोन्ही अक्षांचं उत्तर एकच येतं. बृहदक्ष कोणता हे सूत्र सांगत नाही, म्हणून वरची रेषा काढून खात्री करा. अ = ब असेल तर कोन ४५ अंश, गणित करायचंच नाही.

१२. क्षय पद आणि एकघाती पदं दोन्ही असतील तर आधी काय करायचं?

लंबवर्तुळ किंवा अपास्त असेल तर आधी केंद्र काढा. त्यासाठी ही दोन समीकरणं सोडवायची :

अ·क्ष + ह·य + ग = ०
ह·क्ष + ब·य + फ = ०

उदाहरण : ५क्ष² + ४क्षय + ८य² − १४क्ष − २०य − १९ = ०. समीकरणं ५क्ष + २य = ७ आणि २क्ष + ८य = १०. केंद्र (१, १). आरंभबिंदू तिथे नेला की एकघाती पदं नाहीशी होतात आणि नवं स्थिर पद = ग·१ + फ·१ + क = −७ − १० − १९ = −३६. म्हणजे प्र. ११ मधलंच लंबवर्तुळ, फक्त उचलून (१, १) वर ठेवलेलं.

हेच नवं स्थिर पद डेल्टा/(अब − ह²) एवढं असतं. डेल्टा शून्य झाला की वक्र का मोडतो, ते यावरून दिसतं : स्थिर पदच उरत नाही, आणि फक्त दुसऱ्या घाताची पदं असलेलं समीकरण केंद्रातून जाणाऱ्या दोन रेषा किंवा एकटा बिंदू देतं.

अन्वस्ताला केंद्र नसतं. तिथे ही पद्धत अडते, कारण दोन्ही समीकरणांच्या रेषा समांतर असतात.

१३. मग क्षय पद असलेला अन्वस्त कसा ओळखायचा?

पहिली तीन पदं पूर्ण वर्ग असतात. तो वर्ग बघायचा आणि मग एकघाती भागाकडे वळायचं.

क्ष² − २क्षय + य² − ४क्ष − ४य = ० म्हणजे (क्ष − य)² = ४(क्ष + य). उजवीकडे क्ष + य आहे, ते क्ष − य च्या पटीत नाही. हा खरा अन्वस्त. अक्ष क्ष = य, शिरोबिंदू आरंभबिंदू.

क्ष² − २क्षय + य² − ४क्ष + ४य + ३ = ० मध्ये मात्र एकघाती भाग −४(क्ष − य). क्ष − य ला त म्हटलं की त² − ४त + ३ = ०, त = १ किंवा ३. दोन समांतर रेषा, त्यांच्यातलं अंतर √२. वर्गाच्या आतली राशी आणि एकघाती राशी एकमेकींच्या पटीत असतील तर डेल्टा न काढताच समजा की अन्वस्त मोडला.

१४. क्षय = ४ मध्ये एकही वर्गपद नाही. मग हे द्विघाती कसं, आणि वक्र कोणता?

क्ष आणि य दोन्हींचे घात मिळवले की दोन होतात, म्हणून द्विघाती. ह = १/२, अ = ब = ०, ह² − अब = १/४. डेल्टा = −कह² = १, शून्य नाही. म्हणून अपास्त, आणि त्याच्या अनंतस्पर्शी रेषा म्हणजे खुद्द दोन्ही अक्ष. त्या एकमेकींना लंब आहेत, म्हणून हा काटकोनी अपास्त. कोणत्याही अपास्तासाठी अ + ब = ० असेल तर तो काटकोनी.

रसायनशास्त्राच्या वहीत तुम्ही हाच वक्र काढलेला असतो. बॉइलच्या नियमात तापमान स्थिर असताना दाब आणि आकारमान यांचा गुणाकार स्थिर असतो, त्याचा आलेख म्हणजे या अपास्ताची पहिल्या चरणातली फांदी.

१५. समीकरणाला −१ ने गुणलं तर डेल्टाचं चिन्ह बदलतं. मग वक्रही बदलेल का?

वक्र तोच राहतो. समीकरणाला कोणत्याही संख्येने गुणलं की ह² − अब ला तिच्या वर्गाने आणि डेल्टाला तिच्या घनाने गुणलं जातं. म्हणून एकट्या डेल्टाच्या चिन्हाला अर्थ नाही. तो शून्य आहे की नाही एवढंच बघायचं. चिन्ह लागतं ते एकाच ठिकाणी : लंबवर्तुळाचं कूळ असताना (अ + ब) × डेल्टा ऋण आला तर लंबवर्तुळ वास्तव, धन आला तर एकही बिंदू नाही. पडताळायला क्ष² + य² − १ = ० आणि क्ष² + य² + १ = ० घ्या.

१६. क्ष²/(१० − के) + य²/(के − ४) = १ हे लंबवर्तुळ असण्यासाठी ४ < के < १० लिहिलं, पण एक गुण कापला. का?

के = ७ ला दोन्ही छेद ३ होतात आणि वर्तुळ येतं. ते वगळायला हवं होतं. के < ४ किंवा के > १० असेल तर अपास्त.

वर्तुळ हे लंबवर्तुळच नाही का, असा वाद पुढे येतोच. विमध्यता (एक्सेंट्रिसिटी, म्हणजे वक्र वर्तुळापेक्षा किती वेगळा याचं माप) शून्य असलेलं लंबवर्तुळ म्हणून वर्तुळाकडे बघायला काहीच हरकत नाही. पण पर्यायांत दोन्ही दिलेली असतील तर जास्त नेमकं उत्तर निवडा. डोळ्यावर मात्र विसंबू नका. पृथ्वीच्या कक्षेची विमध्यता सुमारे ०.०१६७ आहे. अर्ध-बृहदक्ष १० सेंटिमीटर धरून ती कागदावर काढली तर अर्ध-लघुअक्ष जेमतेम ०.०१४ मिलिमीटरने कमी भरेल, पेन्सिलीच्या रेघेत तो फरक बुडून जाईल. सूर्य मात्र केंद्रापासून १.६७ मिलिमीटर बाजूला, नाभीवर असेल, आणि ते पट्टीने मोजता येईल.

१७. परीक्षेबाहेर याचा उपयोग काय?

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० तबकड्या, प्रत्येक ४५ मीटर व्यासाची. तबकडी मधोमध उभी कापली तर कापलेली कड अन्वस्त असते. अक्षाला समांतर येणाऱ्या रेडिओ लहरी अन्वस्तावरून परावर्तित होऊन नाभीकडे जातात, म्हणून ग्रहण करणारी उपकरणं तिथे चार खांबांवर तोललेली दिसतात. नाभीचं अंतर सुमारे १८.५ मीटर. म्हणजे छेदाचं समीकरण य² = ७४क्ष. काठावर य = २२.५ ठेवा, क्ष सुमारे ६.८ येतो : तबकडीची खोली जवळपास ७ मीटर, दोन मजल्यांएवढी.

अपास्तही खरा दिसलाय. २०१७ मध्ये सापडलेल्या ओउमुआमुआ या वस्तूच्या कक्षेची विमध्यता सुमारे १.२ निघाली. एकापेक्षा जास्त, म्हणजे अपास्त, म्हणजे सूर्याला वळसा घालून कायमची निघून जाणारी. २०१९ च्या बोरिसोव्ह धूमकेतूची तर तीनहून जास्त होती.

१८. शांकव म्हणजे शंकूचे छेद. मग समांतर रेषा शंकूतून कशा मिळतात?

मिळतच नाहीत. प्रश्न अगदी रास्त आहे. शंकूच्या शिरोबिंदूतून जाणाऱ्या प्रतलाने एक बिंदू, एक रेषा किंवा छेदणाऱ्या दोन रेषा मिळतात. दोन वेगळ्या समांतर रेषा हव्या असतील तर शंकूऐवजी वृत्तचिती (सिलिंडर) कापावी लागते.

ही फट राहते कारण दोन व्याख्या वेगळ्या काळातल्या आहेत. पेर्गाच्या अपोलोनियसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकांच्या सुमारास शंकूच्या छेदांवर आठ खंड लिहिले. त्यांतले पहिले चार ग्रीकमध्ये आणि पुढचे तीन अरबी भाषांतरात टिकले, आठवा हरवला. त्याच्याकडे समीकरणं नव्हती. निर्देशक भूमिती सतराव्या शतकात देकार्त आणि फर्मा यांच्या कामातून आली, आणि १६५५ मध्ये जॉन वॉलिसने शंकू बाजूला ठेवून या वक्रांचा विचार थेट द्विघाती समीकरणांवरून केला. समीकरणाच्या व्याख्येत समांतर रेषा बसतात, शंकूच्या बसत नाहीत.

१९. √क्ष + √य = √अ हा वक्र कोणता? मला वर्तुळाचा चौथा भाग वाटला.

आकृती तशी वाटते खरी, पण ती आरंभबिंदूकडे पोट करून वाकलेली असते. आरंभबिंदू केंद्र असलेल्या वर्तुळाचा चौथा भाग बाहेरच्या बाजूला फुगलेला असतो. दोनदा वर्ग केला की मिळतं :

(क्ष − य)² − २अ(क्ष + य) + अ² = ०

पहिली तीन पदं पूर्ण वर्ग, आणि एकघाती भाग क्ष + य च्या पटीत. प्र. १३ प्रमाणे हा अन्वस्त.

पण वर्ग करताना बिंदू वाढले. मूळ समीकरणात √क्ष आणि √य यांपैकी कोणीच √अ पेक्षा मोठं असू शकत नाही, म्हणून त्यात फक्त (अ, ०) पासून (०, अ) पर्यंतचा तुकडा आहे. अन्वस्ताचा उरलेला भाग √क्ष − √य = ±√अ या समीकरणांचा आहे. म्हणून ‘अन्वस्त’ आणि ‘अन्वस्ताचा भाग’ असे दोन्ही पर्याय असतील तर दुसरा निवडा. य = √(९ − क्ष²) चंही तसंच आहे. वर्ग करून वर्तुळ दिसतं, पण मूळ समीकरणात य ऋण होत नाही, त्यामुळे वरचं अर्धवर्तुळ तेवढं खरं.